मदत हवी आहे: दादाला डिप्रेशनसाठी केटामाईन सुचवलंय, हो म्हणावं का?

वळेसर:
नमस्कार मंडळी, जरा मोठं लिहितेय, सांभाळून घ्या.

माझा मोठा भाऊ, पंचेचाळिशीचा, देवगड तालुक्यात कलमांची बाग, घरी वहिनी, दोन मुलं आणि आई. मी लग्न होऊन मालवणात. दादाचं डिप्रेशन जुनंच आहे पण गेल्या हंगामापासून फारच उतरलाय. मोहोरावर थ्रिप्सची कीड दिसली की रात्री बॅटरी घेऊन कलमाखाली उभा राहणारा माणूस, आता मोहोर राहिला काय नि गळला काय, त्याला सोयरसुतक नाही, सगळं गड्यावर सोडलंय आणि स्वतः पडवीत भिंतीकडे तोंड करून पडून असतो. पहाटे तीनला झोप मोडते ती मोडतेच. परवा वहिनीला म्हणाला, मी नसतो तर तुमचं बरं चाललं असतं.

एस्सिटालोप्राम पूर्ण डोसला नेऊन बरेच महिने दिली, मग व्हेनलाफॅक्सिन, जोडीला मिर्टाझापिन. वहिनी स्वतः गोळी हातावर ठेवते त्यामुळे चुकवाचुकवी नाही. थायरॉईड, बी-ट्वेल्व्ह बघून झालं. आता कोल्हापूरचे डॉक्टर म्हणतात की दोन वेगळ्या औषधांना पुरेसा डोस आणि पुरेसा वेळ देऊनही फरक नाही म्हणजे हे रेझिस्टंट डिप्रेशन, आता एकतर ईसीटी म्हणजे शॉक, नाहीतर केटामाईन, म्हणजे भुलीचं औषध, सलाईनमधून, आठवड्यातून दोनदा, साधारण तीन आठवडे.

शॉक म्हटल्यावर आई रडायलाच लागली. केटामाईन म्हटल्यावर भाच्याने मोबाईलवर केटामाईनमुळे गेलेल्या मॅथ्यू पेरी ह्या अमेरिकन नटाची बातमी काढून सगळ्यांना वाचून दाखवली, झालं, घरात दोन तट. आई रवळनाथाकडे गाऱ्हाणं घालून आली, तिला त्याने धीर येतो, माझी काही तक्रार नाही. पण हो की नाही ते मलाच ठरवायला सांगतायत सगळे आणि दादा म्हणतो तुम्ही म्हणाल ते.

त्याला बीपीची गोळी चालू आहे. हे चालेल का, गुण किती टिकतो, आणि करूळ घाटातून आठवड्यातून दोनदा नेआण कशी करायची? ज्यांनी जवळून बघितलंय त्यांनी प्लीज सांगा.

खाडीपलीकडचा:
ताई, बाकी सगळं नंतर. ते "मी नसतो तर" वाक्य डॉक्टरांना आजच फोन करून सांगा, पुढच्या तारखेची वाट बघू नका. आणि बागायतदाराचं घर आहे म्हणजे फवारणीची औषधं पडवीच्या कोपऱ्यात किंवा पंपाच्या खोलीत असणार, ती आज कुलपात घाला, चावी गड्याकडे किंवा शेजारी. आमच्याकडे हे पहिल्यांदा केलं. रात्री-अपरात्री काही वाटलं तर टेलिमानस, सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाईन, १४४१६, चोवीस तास, फुकट, मराठीत बोलतात.

वळेसर:
केलं दादा, दोन्ही. औषधं शेजारच्या काकांच्या मांगरात हलवली.

भूलवाला डॉक्टर:
मी भूलतज्ज्ञ आहे, सायकियाट्रिस्ट नाही, तेवढं धरून वाचा. केटामाईन आमचं रोजचं औषध. अमेरिकेत १९७० पासून भुलीसाठी मान्य, जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक यादीत आहे, आणि आपल्याकडच्या लहान हॉस्पिटलांत तर फार कामाचं कारण त्याने सहसा श्वास मंदावत नाही. भूल द्यायला शिरेतून किलोमागे एक-दोन मिलिग्रॅम एका दमात देतो, डिप्रेशनला किलोमागे अर्धा, तोही चाळीस मिनिटांत हळूहळू. नेहमीच्या गोळ्या मुख्यतः मेंदूतल्या सेरोटोनिन ह्या रसायनावर काम करतात, हे ग्लुटामेट ह्या दुसऱ्या रसायनावर, म्हणून गोळ्यांना आठवडे लागतात आणि ह्याचा परिणाम लागू पडला तर काही तासांत, दिवसभरात दिसतो.

पेरीच्या बाबतीत भाच्याला पूर्ण बातमी वाचायला सांगा. तो उपचार म्हणूनही घेत होता हे खरं, पण शेवटचं अधिकृत सेशन होऊन आठवडा उलटून गेला होता, ज्या डोसने तो गेला तो दवाखान्याबाहेरचा, वर हॉट टबमध्ये एकटा. म्हणूनच हे औषध घरी घ्यायचं नाही. २०१९ मध्ये अमेरिकेत एस्केटामाईनचा नाकात मारायचा स्प्रे डिप्रेशनसाठी मंजूर झाला, तोसुद्धा पेशंटला घरी देत नाहीत, दवाखान्यात घेऊन निदान दोन तास नजरेखाली बसवतात. शिरेतून केटामाईन डिप्रेशनसाठी देणं मात्र ऑफ-लेबल आहे, म्हणजे त्या आजारासाठी अधिकृत मंजुरी नसताना, डॉक्टर आपल्या जबाबदारीवर देतात, तसं संमतीपत्रात स्पष्ट लिहिलेलं असावं.

बीपी: देताना चढतंच, नंतर उतरतं. गोळीने आटोक्यात असेल तर बहुतेक वेळा अडत नाही, पण आधी ईसीजी, आणि देताना मॉनिटर लावलेला नि भूल हाताळू शकणारा माणूस खोलीत, हे नसेल तर सरळ उठून या. कधी भास झाले असतील किंवा घरात कोणाला सायकोसिस (भास-भ्रमाचा आजार) असेल तर तेही सांगा. झोपेची अल्प्राझोलाम वगैरे घेत असेल तर तेही, त्याने गुण कमी पडू शकतो.

बंदरावरचो:
माका विचारशात तर पयले रत्नागिरीक दाखवा, कोल्हापूर कोल्हापूर काय करतास? गोव्यात पोरां त्या केटामाईनाचा काय करतत ता मी बघलंय, तसला औषद घरच्या माणसाक कित्याक देवचा?

खाडीपलीकडचा:
अरे बाबा, मॉर्फिनची पण नशा करतात म्हणून कॅन्सरवाल्याला द्यायचं नाही का. रत्नागिरीचं बरोबर बोललास, राज्यातल्या चार सरकारी मनोरुग्णालयांपैकी एक तिथे आहे, दुसरं मत तिथे घेता येईल.

आता अनुभव. माझ्या बायकोला दिलंय. पहिल्या सलाईनच्या वेळी मी बाजूला बसलेलो. सुरू झाल्यावर थोड्या वेळाने म्हणाली, माझे हात कोणीतरी दुसऱ्याचे वाटतायत, छत लांब गेलंय. घाबरली नाही कारण नर्सने आधी सांगून ठेवलेलं. नंतर मळमळ, डोकं जड. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी उठून स्वतःहून चहा ठेवला नि मला विचारलं, मासे आणलेस का. कित्येक महिन्यांत तिने काही मागितलं नव्हतं हो. मी खूश. पण आठवडाभरात परत खाली. हे कोणी नीट सांगत नाही, एका डोसचा गुण टिकत नाही, म्हणून ओळीने देतात, आणि ओळ संपल्यावरही गोळ्या, काउन्सेलिंग चालूच. आमच्याकडे बऱ्यापैकी सावरलं, पूर्ण नाही. वहिनींना हे आधीच सांगून ठेवा, नाहीतर पहिल्या आठवड्याची आशा मोडली की घरच्यांचंच जास्त खचतं.

घाट: त्या दिवशी गाडी चालवायची नाही, सोबत माणूस हवाच, आणि करूळच्या वळणांवर धडधाकट माणूस ओकतो तिथे मळमळणाऱ्याला न्यायचं म्हणजे हाल. रात्री कोल्हापुरातच राहा.

भूलवाला डॉक्टर:
अजून एक. शॉकला एवढं घाबरू नका. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याप्रमाणे भूल आणि स्नायू सैल करणारं औषध दिल्याशिवाय ईसीटी देताच येत नाही, सिनेमातलं दृश्य डोक्यातून काढा. २०२३ ला न्यू इंग्लंड जर्नल ह्या वैद्यकीय नियतकालिकात दोन्हींची तुलना छापून आली, सायकोसिस नसलेल्या पेशंटांत केटामाईनने सुमारे ५५ टक्क्यांना गुण आला, ईसीटीने ४१, आणि स्मरणशक्तीचा त्रास ईसीटीत जास्त. पण पेशंट जेवणपाणीच सोडतो किंवा भास होतात तेव्हा मी घरच्या माणसालाही ईसीटीच सुचवेन.

सुरंगी:
पैशाचं कोणी बोललं नाही म्हणून. इंजेक्शन स्वस्त असतं, बिल होतं ते बेड, मॉनिटर, डॉक्टरांच्या वेळेचं. त्याच कायद्यात आहे की विम्याने मानसिक आजाराला बाकी आजारांसारखंच धरायचं, पण ऑफ-लेबल म्हटलं की कंपन्या फाटे फोडतात, तेव्हा आधी ईमेलवर लेखी विचारा, फोनवर "हो मॅडम" म्हणतात त्याला अर्थ नाही.

वळेसर:
सगळ्यांचे आभार, अगदी मनापासून. डॉक्टरांशी बोलले, त्या वाक्याबद्दल ऐकून त्यांनी लगेच बोलावलंय, उद्या निघतोय. ईसीजी तिथेच काढतील. दादा जेवतोय थोडं, भास वगैरे नाहीत, त्यामुळे आधी केटामाईन, ओळ पूर्ण होऊन फरक नाही पडला तर ईसीटी, असं आईसमोर बोलून ठरवलं. तिने विचारलं भूल दिल्यावर दुखत नाही ना, म्हणजे अर्धी तयार झालीय. मॉनिटर आणि खोलीत कोण असणार ते लिहून घेतलंय, विचारणार.

आता एकच, कोल्हापूरच्या सीबीएसच्या (मध्यवर्ती बसस्थानक) आसपास जेवणाची सोय असलेलं, वहिनी आणि दादा दोघांना आठवड्यातले चार दिवस राहता येईल असं घरगुती काही कोणाला माहितीय का? लॉज नको, दादाला गोंगाट सहन होत नाही.