‘ये रे ये रे पावसा’ मुलांना लाच द्यायला शिकवतं?

मृदुला_ठाणे
पालकांच्या गटात काल एक पोस्ट फिरत होती. ‘ये रे ये रे पावसा’ बालवाडीतून बाद करा म्हणे. पावसाला पैशाचं आमिष दाखवायचं आणि वर नाणं खोटं द्यायचं, म्हणजे लाच आणि फसवणूक दोन्हींचं बाळकडू. खाली अंगठ्यांची रांग. तिथे चार ओळींत भागेना म्हणून इथे लिहितेय.

अहो, गाणं एकदा नीट वाचा तरी. ‘पैसा झाला खोटा, पाऊस आला मोठा.’ या दोन ओळींच्या मध्ये ‘म्हणून’ नाही आणि ‘तरी’पण नाही. खोटा निघाला म्हणून पाऊस रागाने कोसळला, की खोटा असूनही भरभरून आला? गाणं सांगत नाही. ऐकणाऱ्याने ठरवायचं. शिवाय पैसा ‘झाला’ खोटा. पोराने जाणूनबुजून खोटा दिला हे कुठून काढलंत?

मला सगळ्यात आवडतं ते दुसरं कडवं. ‘ये गं ये गं सरी, माझे मडके भरी, सर आली धावून, मडके गेले वाहून.’ पावसाला ‘रे’, सरीला ‘गं’, दोघंही अंगणातले सवंगडी. मोठी माणसं पावसासाठी देव पाण्यात ठेवतात, हे पोर त्याला अरे-तुरे करून हाक मारतं. आणि मागितलं ते मिळतं, पण ज्यात घ्यायचं तेच हातचं जातं. लहान मुलांच्या गाण्यात एवढा धीट शेवट असताना तुम्ही त्याला नीतीच्या चाळणीत घालता?

तिढा
ती पोस्ट माझी नाही, पण मी अंगठा दिला होता. माझ्या मुलाने देवळाच्या दानपेटीत व्यापार खेळातली नोट टाकली आणि ‘पैसा झाला खोटा’ म्हणत टाळ्या पिटल्या. पुजाऱ्यांसमोर मला काय वाटलं असेल? ‘म्हणून’ आणि ‘तरी’ तुम्हाला दिसतात. पाच वर्षांच्या मुलाला एवढंच दिसतं की खोटं दिलं आणि काम झालं.

मृदुला_ठाणे
मग त्याला पुढचं कडवं शिकवा. मडकं गेलं ना!

फळा_खडू
तेवीस वर्षं पहिलीला शिकवतोय. अर्थाआधी ठेका बघा. प्रत्येक ओळीला चार टाळ्या. ये रे, ये रे, पाव, सा. तुला, देतो, पै, सा. शेवटच्या दोन टाळ्यांना अक्षर ताणावं लागतं, आणि मूल तिथेच रमतं. पावसा-पैसा, खोटा-मोठा, सरी-भरी, धावून-वाहून. एकही यमक ओढूनताणून आणलेलं नाही. बोलताना अडखळणारी मुलं या गाण्यात मोकळी होताना मी पाहिली आहेत. दानपेटीचा दोष गाण्यावर ढकलू नका, तिढासाहेब.

आणि आता पैसा मुलांनी पाहिलाय कुठे? १९५७ पर्यंत रुपयाचे चौसष्ट पैसे होते, मग शंभर झाले, आणि २०११च्या जूनअखेर पंचवीस पैशांपर्यंतची सगळी नाणी चलनातून गेली. सरकारनेच पैसा खोटा केला म्हणायचा.

बडोदेकर
अवांतर: आमच्याकडे शेजारची गुजराती मुलं ‘आव रे वरसाद, घेवरियो परसाद’ म्हणतात. पुढे गरम पोळी आणि कारल्याची भाजी. ते पावसाला जेवायला बोलावतात, आपण पैसे देऊ करतो. तिढा यांच्या म्हणण्यात अगदीच तथ्य नाही असं मला वाटत नाही.

माणदेशी
इथे सगळे ठाण्या-बडोद्याचे. आमच्याकडे पावसाला हाक मारणं हा खेळ नव्हता. आषाढ कोरडा गेला की एका पोराच्या अंगाला कडुलिंबाचा पाला बांधायचे, दारोदार ‘धोंडी धोंडी पाणी दे’ म्हणत फिरायचे, आणि ज्या घरात पिण्याची बोंब तिथली बाईसुद्धा त्याच्या डोक्यावर तांब्याभर ओतायची. माझी आजी ओतायची. पैसा देतो म्हणणं ही लाच नाही, तो नवस आहे. आता आमच्याच तालुक्यातल्या इंग्रजी शाळेत पोरं ‘रेन रेन गो अवे’ म्हणतात. २०१६ला लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावं लागलं, त्या राज्यात पावसाला ‘जा’ म्हणायला शिकवतात! बंद करायचंच तर ते करा.

कृष्णाकाठ
माणदेशी, तुमचं दुःख मान्य. पण शिरोळ तालुक्यात येऊन बघा. २०१९ला आमच्या घरात छातीएवढं पाणी होतं. ‘मडके गेले वाहून’ वर मृदुलाताई एवढ्या खूश आहेत. आमची सगळी भांडी गेली, दुभती म्हैस गेली. माझी मुलगी अजून मोठी सर आली की ‘जा’ म्हणते. तिला चुकीचं ठरवणार का तुम्ही?

माणदेशी
मुलीला कोण चूक म्हणतंय? तुमचं पुराचं पाणी समुद्राला जातं आणि आम्ही टँकरमागे पळतो, यावर बोला. तुम्हाला ते नको असतं आणि आम्हाला देववतही नाही.

कृष्णाकाठ
देववत नाही? पाणी अडतं खाली कर्नाटकातल्या अलमट्टी धरणाला. आता कर्नाटक त्याची पाणीपातळी ५१९.६० मीटरवरून ५२४.२५६ वर न्यायला निघालंय. आमचं गाव बुडेल तेव्हा तुमच्या टँकरचं बघू.

सांगलीचा_अभियंता
सरकारनेच नेमलेल्या वडनेरे समितीने २०१९च्या पुरासाठी अलमट्टीला जबाबदार धरलं नव्हतं. नदीपात्रातली आणि पूररेषेतली बांधकामं बघा आधी.

कृष्णाकाठ
समितीला आमच्या माळ्यावर झोपवायला हवं होतं दोन रात्री. अहवाल मलाही वाचता येतो. पाणी मागे कुठून फुगतं ते आम्ही डोळ्यांनी पाहिलंय.

सांगलीचा_अभियंता
डोळ्यांना कोयनेचा विसर्ग आणि अलमट्टीची फुग वेगळी दिसत नाही, साहेब. मीही पुरातच होतो.

फळा_खडू
धागा बालगीताचा आहे. अलमट्टीसाठी वेगळा काढा.

माणदेशी
का काढायचा? गाणं यावरच आहे. पहिल्या कडव्यात आमचा गाव, दुसऱ्यात त्यांचा.

मृदुला_ठाणे
हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं, आणि हे वाचन माझ्या वाचनापेक्षा खोल आहे. पण कृष्णाकाठ, मी मडकं वाहून गेल्यावर खूश नाही. गाणं ते लपवत नाही, याचं मला मोल वाटतं. २६ जुलै २००५ला मुंबईत ९४४ मिमी पडला, तेव्हा मी दादरहून कंबरभर पाण्यातून चालत आले. तरी पुढच्या जूनमध्ये ‘ये रे’च म्हटलं.

कृष्णाकाठ
तुम्ही चालत घरी पोचलात. तुमचं घर जागेवर होतं.

तिढा
बरं, ‘लाच’ हा शब्द मी मागे घेतो, माणदेशींमुळे. धोंडीचं मला माहीत नव्हतं. फसवणुकीचा मुद्दा मात्र सोडत नाही. आमच्या बालवाडीत फक्त पहिलं कडवं म्हणतात, नाचून झालं की संपलं. अर्धंच गाणार असाल तर माझा विरोध कायम. बाईंना सोमवारी सांगतो, दोन्ही कडवी घ्या.

माणदेशी
सांगा. आणि ‘रेन रेन’चंही विचारा.

कृष्णाकाठ
विचारा, पण बंद करायला लावू नका. माझ्या मुलीला ते लागतं.