शाळेतलं विंटर कॉन्सर्ट, स्पिरिट वीक आणि वर्गातली पार्टी: मुलाला कशात भाग घेऊ द्यावा आणि वर्गात काय न्यावं?

नाशिककर_आई

नमस्कार मंडळी,

आम्ही या जुलैत नाशिकहून न्यू जर्सीत, मिडलसेक्स काउंटीत राहायला आलो. मुलगा दुसरीत आहे, घराजवळच्याच पब्लिक स्कूलमध्ये. थँक्सगिव्हिंगची सुट्टी संपली आणि दप्तरातून रोज नवा कागद निघायला लागला. संध्याकाळचं विंटर कॉन्सर्ट, त्याला पांढरा शर्ट आणि काळी पँट. मग स्पिरिट वीक: एक दिवस नाइट ड्रेस, एक दिवस नक्षीचा स्वेटर, एक दिवस लाल-हिरवे कपडे. पीटीएचं, म्हणजे पालक-शिक्षक संघटनेचं हॉलिडे शॉप, त्यासाठी पाकिटात पैसे घालून द्यायचे. सुट्टीच्या आदल्या दिवशी वर्गात पार्टी.

कॉन्सर्टच्या गाण्यांत बर्फाची गाणी आहेत, एक ज्यू लोकांच्या हनुक्का सणाच्या दिव्यांचं आहे आणि एकात येशूच्या जन्माचा उल्लेख आहे. सासूबाई सध्या आमच्याकडे आहेत. त्यांनी तो कागद माझ्याकडून वाचून घेतला आणि सरळ विचारलं, "शाळा सरकारी आहे ना? मग धर्माची गाणी कशी शिकवतात?" मला उत्तर देता आलं नाही. यजमान म्हणतात, त्या एका गाण्याला त्याला बसवून ठेवू. मुलगा मात्र ती सगळी गाणी आंघोळ करतानासुद्धा म्हणतोय.

शिवाय वर्गशिक्षिकेनं लिहिलंय की ज्या घरांत हिवाळ्यात सण असतो, त्यांनी वीस मिनिटं वर्गात येऊन मुलांना सांगावं. मी संक्रांत सांगून तिळगूळ वाटायचं ठरवते आहे. जुन्या लोकांनी कृपया सल्ला द्यावा.

---

एडिसनकर

बिनधास्त पाठवा. आमची दोन्ही मुलं याच शाळांतून गेली. लाल-हिरवे कपडे नसले तर कुणी विचारत नाही, नवीन आणायला धावू नका. तिळगुळाबद्दल मात्र आधी शिक्षिकेला विचारा, खाण्याचे नियम कडक आहेत.

---

पॅरामावशी

ताई, मी इथल्याच एका सरकारी प्राथमिक शाळेत पॅराप्रोफेशनल आहे. म्हणजे ज्या मुलांना जास्त मदत लागते त्यांच्यासोबत दिवसभर वर्गात असते. शाळेतला डिसेंबर आतून बघते, म्हणून सविस्तर लिहिते.

सासूबाईंचा प्रश्न रास्त आहे. या देशातली न्यायालयंसुद्धा त्यात पडलेली आहेत. साउथ डकोटातल्या सू फॉल्समध्ये १९७७ साली बालवर्गाच्या नाताळ कार्यक्रमात मुलांकडून येशूजन्माची प्रश्नोत्तरं म्हणवून घेतली होती. पालकांनी तक्रार केल्यावर शाळा मंडळानं नियमावली केली. संगीताचा आणि संस्कृतीचा भाग म्हणून, तारतम्य राखून, धार्मिक गाणंही शिकवता येईल असं तिच्यात होतं. १९८० मध्ये अपील न्यायालयानं ती नियमावली मान्य केली. शाळेला धर्माबद्दल शिकवता येतं, धर्म आचरायला लावता येत नाही, हे इथल्या सगळ्या डिसेंबरचं मूळ सूत्र आहे.

इंडियानात एल्कहार्टच्या एका हायस्कूलच्या मोठ्या नाताळ कार्यक्रमात शेवटी विद्यार्थीच मेरी, जोसेफ आणि मेंढपाळ होऊन उभे राहत आणि बायबलमधला उतारा वाचला जाई. २०१५ मध्ये खटला झाला. मग वाचन गेलं, जिवंत देखाव्याच्या जागी थोडा वेळ पुतळे आले, हनुक्काची आणि क्वान्झा या आफ्रिकन-अमेरिकन लोकांच्या सणाची गाणी आली. त्या बदललेल्या रूपाला २०१८ मध्ये न्यायालयानं हरकत घेतली नाही. आणि आपल्याच राज्यातल्या साउथ ऑरेंज-मेपलवुडच्या शाळा मंडळानं उलट टोक गाठलं. डिसेंबरच्या कार्यक्रमात सणाचं धार्मिक संगीत नकोच, असं धोरण केलं. एक पालक त्याविरुद्ध कोर्टात गेले. २००९ मध्ये अपील न्यायालय म्हणालं की मंडळाला असं धोरण ठेवता येतं, आणि २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयानं प्रकरण ऐकायला नकार दिला. म्हणून इथे एका गावच्या शाळेत जे गाणं चालतं ते शेजारच्या गावात चालणार नाही, आणि दोघंही कायद्यात बसतात.

तुमच्या कागदावर बर्फ, हनुक्का आणि येशूजन्म एकत्र आहेत, म्हणजे शाळा त्या सूत्राला धरूनच चालली आहे. तरीही मन घेत नसेल तर संगीत शिक्षिकेला दोन ओळींची ईमेल पाठवा. तेवढं एक गाणं मूल गप्प उभं राहून काढू शकतं. जेहोवाज विटनेस पंथाच्या घरातली मुलं तर वाढदिवस आणि नाताळ दोन्ही करत नाहीत. आमच्याकडे ती मुलं पार्टीच्या वेळेला ग्रंथालयात पुस्तकं लावायला मदत करतात. वर्गासमोर त्यांना कुणी कारण विचारत नाही. पण तुमचा मुलगा आनंदानं गातोय, हे तुम्हीच लिहिलंय. सगळा वर्ग गात असताना एकट्याच्या तोंडाला कुलूप लावलं तर त्याला त्यातून धर्म कळणार नाही. आपण इतरांपेक्षा निराळे, एवढंच तो घेऊन येईल. मी असती तर गाऊ दिलं असतं.

आता मला मनापासून सांगायचंय ते. कॉन्सर्टला जा आणि शेवटपर्यंत बसा. लहान वर्ग आधी गातात. आपलं मूल रायझर्सवरून, म्हणजे गाताना उभं राहायच्या पायऱ्यांवरून, खाली उतरलं की आईवडील कोट घालून निघतात, आणि त्यात आपली मराठी मंडळीही असतात. सगळ्यात शेवटी चौथी-पाचवीचा बँड असतो. त्या मुलांनी सप्टेंबरात पहिल्यांदा क्लॅरिनेट किंवा ट्रम्पेट हातात धरलेलं असतं. कित्येकांचं वाद्य भाड्याचं असतं. डिसेंबरात त्यांना पाच-सहा सूर धड येतात आणि त्यांतून ते एक अख्खं गाणं वाजवतात. पडदा सरकतो तेव्हा समोर अर्ध्या खुर्च्या रिकाम्या असतात. मी बाजूला उभी राहून त्यांचे चेहरे दरवर्षी बघते आणि मला फार वाईट वाटतं. तुमचा मुलगाही काही वर्षांत तिथे बसलेला असेल. दुसऱ्याच्या मुलांसाठी वीस मिनिटं बसणं अवघड नाही.

हॉलिडे शॉपमध्ये एक डॉलरपासून वस्तू असतात. पाकिटावर कुणाकुणासाठी घ्यायचं ते लिहून द्या. मुलं आजीसाठी हमखास काहीतरी चमकणारं घेतात. आमच्याकडे पीटीए थोडे पैसे बाजूला ठेवते, म्हणजे रिकाम्या हातानं आलेलं मूलही काहीतरी घेऊन जातं. शाळेच्या दारात एक छोटं झाड असेल आणि त्यावर कागदी हातमोजे लटकवलेले असतील. तेही वाचा. "मुलगी, वय ८, हिवाळी कोट" एवढंच लिहिलेलं असतं. नाव फक्त समुपदेशक बाईंना माहीत असतं. तुम्ही आणून दिलेला तो कोट शाळेतच कुणाच्या तरी अंगावर जातो. खोका ठेवून खेळणी गोळा करतात ती टॉईज फॉर टॉट्ससाठी असतील. ही मोहीम मरीन कोअर या अमेरिकी सैन्यदलाच्या राखीव दलातल्या माणसांनी १९४७ मध्ये लॉस एंजेलिसला सुरू केली. त्यात खेळणं नवं आणि कागदात न गुंडाळलेलं द्यायचं असतं.

तिळगूळ नेऊ नका. १ जानेवारी २०२३ पासून तीळ हा इथे कायद्यानं नववा प्रमुख ॲलर्जन, म्हणजे ॲलर्जी आणणारा पदार्थ, झालाय. शेंगदाणे आधीपासूनच त्या यादीत आहेत, त्यामुळे घरचे लाडू वर्गात कुणी उघडू देणार नाही. संक्रांत जानेवारीत सांगा, पतंग दाखवून. आत्ता आकाशकंदील न्या. दिवाळी होऊन गेली असली तरी चालेल, कारण डिसेंबरात वर्गात सगळीकडे उजेडाचीच गोष्ट चालू असते: स्वीडनमध्ये १३ डिसेंबरला डोक्यावर दिव्यांचा मुकुट घालणारी ल्युसिया, हनुक्काचे दिवे, मेक्सिकोत १६ ते २४ डिसेंबरच्या लास पोसादासच्या मिरवणुका. न्यू जर्सीत फिलिपिनो कुटुंबं पुष्कळ आहेत, त्यांचा पारोल म्हणजे बांबू आणि कागदाचा तारा. त्याच्या शेजारी आपला कंदील टांगला की मुलं आपणहून प्रश्न विचारतात.

---

वसईचा_लेक

मावशींच्या कंदिलाला माझं अनुमोदन, आणि ताईंना एक विनंती.

मी वसईचा मराठी कॅथलिक. आमच्या घरी नाताळ हाच मोठा सण. मुलगी इथे सरकारी शाळेत चौथीत आहे. शाळेत गोठा, म्हणजे येशूजन्माचा देखावा, नसतो याचं मला वाईट वाटत नाही. गोठा आम्ही घरी करतो आणि चर्चमध्ये करतो. तिथे ती मेंढपाळ होते, आणि तिथेच ते शोभतं. शाळेनं माझ्या मुलीला प्रार्थना शिकवू नये असंच मला वाटतं, कारण कोणती आणि कुणाच्या पद्धतीची हे मग शाळा ठरवेल.

मला खटकतं ते वेगळं. वर्गात "भारतातला सण" म्हटलं की दिवाळीचं चित्र लागतं, आणि माझी मुलगी हात वर करून आमच्याकडे नाताळ असतो म्हणाली की बाकीची मुलं म्हणतात, तो तर आमचा सण. अगदी भारतीय मुलंसुद्धा. वसईत आमच्या घरासमोर बांबूच्या कामट्यांचा आणि पतंगाच्या कागदाचा तारा लागायचा. गावोगावी गोठ्यांच्या स्पर्धा असायच्या. मध्यरात्रीची मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, मराठीत, कॅरल मराठीत, आणि फराळात केकच्या शेजारी करंज्या. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकलो. आमचे गुरुजी हिंदू होते, नाताळाला घरी येऊन फराळ करून जायचे आणि दिवाळीला आम्ही त्यांच्याकडे. भारतात २५ डिसेंबरची सरकारी सुट्टी असते, हेसुद्धा इथल्या मुलांना माहीत नाही.

ताई, तुम्ही कंदील न्याल तेव्हा आमच्या ताऱ्याचा एक फोटोही दाखवाल का? तोही महाराष्ट्रातलाच, हे सांगा. मी फोटो पाठवतो. आणि आजींना सांगा, त्या एका गाण्यानं नातू बाटत नाही. मी शाळेत "शुभं करोति" म्हणत मोठा झालो आणि रविवारी मिस्सेलाही जात होतो.

---

टेक्सासची_काकू

आम्ही डॅलसजवळ आहोत, म्हणून इकडचं सांगते. टेक्सासमध्ये २०१३ साली कायदाच झाला. शाळेत "मेरी ख्रिसमस", "हॅपी हनुक्का" म्हणायला मोकळीक आहे आणि देखावेही मांडता येतात. अट अशी की एकापेक्षा जास्त धर्मांचं काहीतरी हवं, किंवा सोबत एखादं धर्माशी संबंध नसलेलं चिन्ह तरी हवं. त्यामुळे आमच्याकडे न्यू जर्सीपेक्षा नाताळ जास्त उघडपणे दिसतो. इकडे कुणी बदली होऊन येणार असेल तर आधीच मनाची तयारी ठेवा. मी मात्र या मोकळेपणाचा फायदा घेतला. दिवाळीला ऑफिसबाहेरच्या फलकावर आपली रांगोळी लावायला मागितली आणि मुख्याध्यापिकांनी आनंदानं दिली. मागितल्याशिवाय कुणी देत नाही.

पार्टीबद्दल एक. कोकोवरचे मार्शमेलो जिलेटिनचे असतात, बहुधा डुकराच्या किंवा गाईच्या. तुम्ही शाकाहारी असाल तर शिक्षिकेला आधी कळवा. शाकाहारी मार्शमेलोही मिळतात, त्यांचं बंद पाकीट वर्गात देऊन ठेवा.

---

नाशिककर_आई

सगळ्यांचे मनापासून आभार. सासूबाईंना मावशींचं उत्तर पूर्ण वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, "गाऊ दे त्याला. पण मलाही कार्यक्रमाला घेऊन चला." वसईचे दादा, फोटो नक्की पाठवा, तो दाखवल्याशिवाय कंदील लावणार नाही. कागदी हातमोजाही आज घेऊन आले, पाच वर्षांच्या मुलाचे बूट आहेत.

आता एकच. सात वर्षांच्या मुलांकडून वीस मिनिटांत कंदील होईल का? आणि सासूबाईंना वर्गात येऊ देतील का?

---

पॅरामावशी

होईल, पण कापाकापी घरूनच करून न्या. जाड रंगीत कागद मधोमध दुमडून घडीच्या बाजूनं चिरा पाडायच्या. काठापर्यंत कात्री जाऊ द्यायची नाही. वर्गात मुलांनी तो उलगडून गोल करायचा, स्टेपलर शिक्षिकेच्या हातात. खालच्या झिरमिळ्या मुलांना चिकटवू द्या, त्यातच त्यांना खरी मजा येते. पट्ट्या लांब ठेवा. डिंकापेक्षा ग्लू स्टिक बरी, मेजं खराब होत नाहीत. आत बॅटरीचा छोटा दिवा ठेवा. शाळेत ज्योत पेटवता येत नाही, पणतीही नको. वर्गात चोवीस मुलं असतील तर तीस कंदील कापून न्या, काही फाटतातच.

सासूबाईंना नक्की न्या. आदल्या दिवशी ऑफिसला फोन करून दोघींची नावं द्या आणि त्यांना कोणतं ओळखपत्र चालेल ते विचारून घ्या. पासपोर्ट जवळ ठेवा, दारावर तपासल्याशिवाय कुणालाही आत सोडत नाहीत. त्यांना मराठीत बोलू द्या, तुम्ही इंग्रजीत सांगा.

कॉन्सर्टला अर्धा तास आधी पोचा. हॉलमध्ये खूप उकडतं, त्यांना स्वेटर काढता येईल असा घाला. कडेची खुर्ची धरा, मुलं रायझर्सवरून उतरून तिथूनच जातात. आणि बँड वाजेपर्यंत उठायचं नाही, हे त्यांनाही सांगून ठेवा.