शब्दचर्चा : ‘गॅसर’ उभी करावी, बनवावी की बांधावी?

प्रश्न :

एका दिवाळी अंकासाठी मी अमेरिकेतील हॉट रॉडविषयी, म्हणजे वेगासाठी फेरफार केलेल्या जुन्या गाड्यांविषयी, लेख लिहीत आहे. १९५५ सालची शेव्हरोले घेऊन घरच्या गॅरेजमध्ये तिची साठच्या दशकातील ड्रॅग शर्यतीच्या वळणाची ‘गॅसर’ कशी केली जाते, हा लेखाचा विषय आहे. संपादकांनी मसुद्यावर तीन शेरे मारले आहेत. ‘गॅसर’ वाचून वाचकाला सीएनजीची गाडी वाटेल, तेव्हा मराठी शब्द योजावा. ‘त्याने घरीच गाडी उभी केली’ हे वाक्य बदलावे. आणि ‘विंटेज’ म्हणजे नेमके काय, ते स्पष्ट करावे. शिवाय ‘गॅसर’ स्त्रीलिंगी की पुल्लिंगी, यावर आमचे एकमत होत नाही. जाणकारांनी कृपया मत द्यावे.

उत्तर :

सीएनजीबद्दलची शंका रास्त आहे, परंतु त्यावर मराठी प्रतिशब्द हा उपाय नव्हे. अमेरिकेत पेट्रोलला गॅसोलीन आणि बोलताना नुसते ‘गॅस’ म्हणतात. तेथे चौथाई मैलाच्या, म्हणजे सुमारे ४०२ मीटरच्या सरळ पट्ट्यावरील ड्रॅग शर्यतींना शिस्त लावण्यासाठी वॉली पार्क्स यांनी १९५१ साली नॅशनल हॉट रॉड असोसिएशन स्थापन केली आणि या संस्थेने गाड्यांचे जे वर्ग पाडले, त्यांत पंपावरच्या साध्या पेट्रोलवर धावणाऱ्या, मूळच्या रस्त्यावरच्या गाड्यांसाठी ‘गॅस’ वर्ग ठेवले. नायट्रोमिथेनसारखी खास शर्यतीची इंधने वापरणाऱ्या गाड्या याच्या पलीकडच्या होत्या. १९५७ पासून काही वर्षे तर संस्थेने त्या इंधनांवर बंदीच घातली होती. गाडीचे वजन भागिले इंजिनाचे घनइंचांतील आकारमान या हिशेबाने ए/गॅस, बी/गॅस असे पोटवर्ग ठरत. १९५५ च्या शेव्हरोलेचे व्ही-८ इंजिन २६५ घनइंचांचे होते. गाडीचे वजन ३,२०० पौंड धरले, तर दर घनइंचामागे सुमारे बारा पौंड पडतात. मोठे इंजिन घातले किंवा लोखंडी भाग काढून वजन उतरवले, की हा आकडा खाली येतो आणि गाडी वरच्या वर्गात जाते.

म्हणजे ‘गॅसर’ हे त्या नियमपुस्तकातून आलेले नाव आहे. त्याचे ‘पेट्रोलवाली’ केले, तर आपल्याकडची निम्मी वाहने त्यात येतील आणि हाती काहीच लागणार नाही. शब्द तसाच ठेवावा आणि पहिल्या उल्लेखापाशी ‘येथे गॅस म्हणजे पेट्रोल’ एवढे एक वाक्य घालावे. वाचक तेवढे लक्षात ठेवतो. त्याला दर परिच्छेदात हात धरून न्यावे लागत नाही.

दुसऱ्या शेऱ्याबाबत मी पूर्णपणे संपादकांच्या बाजूने आहे. इमारत उभी करता येते, संस्था उभी करता येते. परंतु ‘गाडी उभी केली’ म्हटले, की मराठी माणसाला ती झाडाखाली सावलीत लावलेली दिसते. ‘गाडी केली’ म्हणजे लग्नाला जाण्यासाठी भाड्याने ठरवली, आणि ‘गाडी काढली’ म्हणजे एक तर घराबाहेर काढली किंवा कर्ज घेऊन विकत घेतली. ‘बनवली’ चुकीचे नाही, पण पोकळ आहे. आपल्या गॅरेजमध्ये याला तयार क्रियापद आहे, ते म्हणजे ‘बांधणे’. ट्रक आणि एसटीची बॉडी बांधतात. मिस्त्री इंजिन खोलतो, बोअरिंग करून आणतो आणि पुन्हा बांधतो. तेव्हा ‘त्याने घरच्या गॅरेजमध्ये गॅसर बांधली’ हे वाक्य निःशंक लिहावे.

लिंगाचा निर्णय या वाक्यातच झाला आहे. गाडीच्या प्रकाराचे किंवा कंपनीचे परके नाव मराठीत येते, तेव्हा ते ‘गाडी’ या शब्दामागून जाते : फियाट घेतली, जीप विकली. ट्रक आणि टेम्पो तेवढे पुल्लिंगी राहिले, कारण आपण त्यांना मनातून गाडी न मानता मालवाहू वाहन मानत असू, असे मला वाटते. ‘रॉड’ एरवी पुल्लिंगी असला, तरी ‘हॉट रॉड’ ही गाडी असल्यामुळे ‘ती हॉट रॉड’ म्हणणेच कानाला बरे वाटते. अनेकवचनात रूप बदलू नये : एक गॅसर, दोन गॅसर.

‘विंटेज’ मात्र खरोखर निसरडा शब्द आहे. ब्रिटिश मोटारप्रेमींच्या काटेकोर वापरात तो साधारण १९१९ ते १९३० या काळातील गाड्यांसाठी राखून ठेवलेला आहे. भारतात जुलै २०२१ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत झालेल्या दुरुस्तीनुसार पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षे उलटलेली, मूळ स्वरूपात जपलेली आणि जिच्या चॅसीत (खालच्या सांगाड्यात), बॉडीत किंवा इंजिनात मोठा फेरबदल झालेला नाही, अशी गाडी विंटेज ठरते. आपली १९५५ ची शेव्हरोले पहिल्या व्याख्येत वयामुळे बसत नाही आणि दुसऱ्या व्याख्येत, गॅस कटर लागताक्षणीच, बसायची थांबते. अमेरिकी लेखक हा शब्द सैलपणे ‘त्या जमान्याची धाटणी’ अशा अर्थाने वापरतात. म्हणून मराठीत ‘साठच्या दशकाच्या धाटणीची’ असे लिहावे आणि ‘विंटेज’ कायद्याच्या संदर्भापुरता ठेवावा.

उपप्रश्न :

सविस्तर उत्तराबद्दल आभारी आहे. गाडीचे नाक वर उचललेले का असते, हे सांगताना मी ‘सस्पेन्शन बदलून उंची वाढवली जाते’ असे लिहिले आहे. एवढे पुरेल का? तसेच ‘चॉप’, ‘चॅनल’ आणि ‘स्लिक’ यांसाठी काय लिहावे?

उत्तर :

ते वाक्य पुरणार नाही, कारण गॅसरची ओळख ज्या कामाने पटते, तेच त्यात झाकले गेले आहे. या शेव्हरोलेची पुढची चाके मूळची स्वतंत्रपणे वरखाली होणारी, कॉइल स्प्रिंगवरची असतात. बांधणारा ती सगळी रचना चॅसीपासून कापून उतरवतो, कापलेल्या कडा ग्राइंडरने साफ करतो, चॅसीच्या दोन्ही बाजूंना पाट्यांसाठी बैठका वेल्ड करतो आणि जुन्या व्हॅनचा किंवा पिकअपचा एकसंध सरळ एक्सल लांबट पाट्यांवर बसवतो. ट्रकचे पाटे ज्याने पाहिले आहेत, त्याला हे चित्र लगेच दिसेल. म्हणून ‘लीफ स्प्रिंग’ न लिहिता ‘पाटे’ लिहावे. चाक ज्या खिळीभोवती वळते, तिचा माथा काही अंश मागे कललेला ठेवावा लागतो, नाहीतर वेगात गाडी सरळ धावत नाही आणि स्टिअरिंग हातात थरथरू लागते. घरगुती बांधणीत डोकेदुखी होते ती बहुधा येथेच, आणि सुरक्षिततेच्या दृष्टीने लेखात हे यायलाच हवे.

नाक वर ठेवण्याचा हेतू असा, की गाडी सुटताना वजन मागच्या चाकांवर सरकावे आणि टायरला पकड मिळावी. ‘सुटताना’ हा शब्द मी जाणून वापरला आहे. बैलगाडा शर्यतीत गाडा सुटतो, तशीच ही गाडी सुटते. ‘लाँच’ लिहिण्याचे कारण नाही. नाक हवे तेवढे उचलण्याची मुभा मात्र नव्हती. क्रँकशाफ्टचा, म्हणजे इंजिनातील मुख्य फिरत्या दांड्याचा, मध्य जमिनीपासून २४ इंचांहून वर नसावा, असे बंधन गॅस वर्गांत होते. इंजिन मागे सरकवण्यालाही चाकांमधील अंतराच्या दहा टक्क्यांची मर्यादा होती. या शेव्हरोलेचे ते अंतर ११५ इंच असल्याने साडेअकरा इंचांपलीकडे जाता येत नसे. आज शर्यतीत न उतरणाऱ्या, केवळ हौसेच्या गाड्यांत ही मापे अनेकदा धाब्यावर बसवली जातात आणि गाडी मागच्या पायांवर उठलेल्या प्राण्यासारखी दिसू लागते. मला तो प्रकार रुचत नाही, परंतु हा शब्दचर्चेचा भाग नव्हे.

‘चॉप’ म्हणजे खांब कापून छत खाली घेणे. ‘छत उतरवणे’ लिहू नये, त्यातून छत काढून टाकल्याचा अर्थ निघतो. ‘चॅनल’ म्हणजे तळाचा पत्रा कापून बॉडी चॅसीवर खाली बसवणे. पहिल्यात गाडीचा माथा ठेंगणा होतो, दुसऱ्यात अख्खे धड खाली येते. दोन्हींसाठी ‘गाडी बुटकी केली’ म्हणून चालणार नाही. तसे पाहता ही कामे १९३० च्या दशकातील फोर्डच्या हॉट रॉडवर जास्त शोभतात. आपल्या शेव्हरोलेला त्यांची गरज नाही, त्यामुळे दोन्ही शब्द लेखातून गाळले तरी हरकत नाही.

‘स्लिक’बाबत सावध राहावे. ‘गुळगुळीत टायर’ लिहिले, की आपल्या डोळ्यांसमोर झिजून गोटा झालेला टायर येतो, आणि तो तर बदलण्याच्या लायकीचा. स्लिक मुद्दामच बिननक्षीचे, रुंद आणि मऊ रबराचे घडवलेले असतात व त्यांत हवा कमी ठेवतात, त्यामुळे गाडी सुटताना त्यांच्या बाजूंना सुरकुत्या पडताना दिसतात. ‘बिननक्षीचे शर्यतीचे टायर, म्हणजे स्लिक’ असे एकदा लिहून पुढे ‘स्लिक’ चालवावे.

आणखी एक मत :

वरील सर्व मान्य आहे. फक्त कोणी उत्साहाच्या भरात या गाडीला ‘जुगाड’ म्हणू नये, एवढे सुचवतो. जुगाडात हाताशी असेल त्यावर भागवलेले असते. येथे एका ठरावीक काळातील एक्सल आणि चाके मुद्दाम शोधून आणलेली असतात. ‘मॉडिफाय केलेली’ हा शब्दही आपल्याकडे आता कायद्याच्या अंगाने ऐकला जातो, कारण नोंदणीतील मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा फेरबदल करण्यास मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ ची आडकाठी आहे. अमेरिकेतील गॅसरबद्दल ‘फेरबांधणी केलेली’ असे लिहिल्यास तो वास येत नाही.

प्रश्नकर्त्याकडून :

‘गॅसर बांधली’, ‘पाटे’, ‘सुटताना’ आणि ‘फेरबांधणी’ हे चारही शब्द घेत आहे. ‘चॉप’ आणि ‘चॅनल’ गाळले आहेत. मापे मात्र इंचांतच ठेवतो, कारण २४ इंचांचे सेंटिमीटर केले, तर नियमातला तो सरळ आकडा उगाच ६०.९६ होतो.