मदत हवी आहे: रोजगार हमीचं रेकॉर्ड बघायला मिळत नाहीये

एमएच्या प्रबंधासाठी रोहयोच्या सोशल ऑडिटवर काम करतेय, म्हणजे ग्रामसभेत हिशेब वाचला की खोटी हजेरी खरंच कमी होते का ते. योजनेच्या वेबसाइटवरून 4 गावांची 2021-23 ची मस्टर्स (मजुरांचे हजेरीपट) काढलीत पण मोजमाप पुस्तिका (झालेल्या कामाच्या मापांची नोंदवही) नि ग्रामसभेचं इतिवृत्त काही मिळालं नाही. माहिती अधिकारात अर्ज टाकला, 10 रुपयांचा स्टॅम्प लावून, 30 दिवस उलटले तरी लेखी उत्तर नाही, ऑफिसातले तोंडी म्हणतात समक्ष येऊन बघा (तारीख मात्र कोणी देत नाही!). पहिलं अपील करणारच आहे, ते कसं करतात माहितीये. मजुरांची नावं कुठे छापणार नाही. सबमिशनला 2 महिनेच उरलेत. तर अपील चालू असताना त्याच कागदांच्या नुसत्या पाहणीसाठी वेगळा अर्ज केला तर चालतो का, की त्याने अपील लटकतं?