ओपन फाइल मागितली की डिझायनरच्या पोटात का दुखतं?

चिवडेवाले काका (मूळ पोस्ट)
चिवड्याच्या पाऊचचं डिझाइन करून घेतलं, अठरा हजार मोजले, वर जीएसटी वेगळा. आता ५०० ग्रॅमचं पाकीट काढायचंय म्हणून ओपन फाइल, म्हणजे बदल करता येतील अशी मूळ फाइल, मागितली तर म्हणे त्याचे अजून बारा हजार. शिंप्याने शर्ट शिवून दिला आणि उरलेलं कापड स्वतःकडे ठेवलं, तर आपण ऐकून घेऊ का? सरळ अडवणूक आहे ही. डिझायनर लोकांनी आधी धंदा शिकावा.

कर्जबाजारी कुंचला
काका, पोस्ट आमच्या डिझायनरांच्या ग्रुपवर फिरतेय म्हणून लिहितोय, नाहीतर आज वीस तारीख, जीएसटीचा थ्रीबी रिटर्न भरायचाय, भांडायला वेळ नाही. आणि तो जीएसटी सांगतोच आधी. तुमच्यासारख्याने बिल थकवलं तरी त्यावरचा १८ टक्के मला भरावाच लागतो, पैसे आले नाहीत म्हणून सरकार थांबत नाही. पुण्यात छोटी एजन्सी चालवतो, मी आणि तीन पोरं. ॲडोबीच्या सॉफ्टवेअरचं भाडं दर महिन्याला माणसामागे जातं, काम असो नसो.

आता कापड. उरलेलं कापड शिंपी ठेवतोच, ते सोडा. तुम्ही जे मागताय ते कापड नाही, त्याचा कटिंगचा फर्मा आहे, ज्यावरून उद्या दुसरा कुणीही तोच शर्ट शिवेल. तुम्ही पैसे दिलेत छपाईला जाणाऱ्या फाइलचे, ती मिळाली. ओपन फाइलमध्ये लेयर आहेत, डायलाइन म्हणजे पाकीट कापायच्या-दुमडायच्या रेषा आहेत, विकत घेतलेला फाँट आहे ज्याचं लायसन माझ्या नावावर आहे, तुमच्या नाही. आणि ५०० ग्रॅमचं पाकीट म्हणजे २०० ग्रॅमचं ताणून मोठं केलेलं नसतं हो! एका गिऱ्हाइकाला मी भिडेखातर ओपन फाइल दिली. त्यांच्या भाच्याने ती उभी ताणली. व्हेजचा हिरवा ठिपका अंड्यासारखा झाला, ठिपक्याभोवतीचा चौकोन आयत झाला, आणि वजन होतं तेवढंच बारीक, २०० खोडून ५००. वजनाच्या आकड्याची उंची किमान किती हवी याचा नियम आहे, तो भाच्याला कुठून माहीत असणार. ग्रॅव्हूर छपाईचे सिलिंडर तसेच कोरून झाले, एकेका रंगाचा एकेक. मग फोन कुणाला? मला. "डिझाइन तुमचंच ना?"

चिवडेवाले काका
आमचा भाचा इंजिनियर आहे आणि त्याला कॅनव्हा येतं, तेव्हा भाच्यावर जायचं काम नाही.
फर्म्याचं म्हणाल तर माझंही ऐका. आधीचा डिझायनर असाच हुशार होता. फाइल माझ्याकडे सुरक्षित आहे काका, काळजी करू नका. एक दिवस दुबईला नोकरी लागली, गेला, नंबर बंद. माझ्याकडे लोगो म्हणून राहिला फक्त व्हॉट्सॲपवर आलेला जेपीजी. टेम्पोवर लावायला मोठा केला तर नुसते दाणे. वडिलांच्या वेळेपासूनचा लोगो दुसऱ्याकडून परत काढून घेतला, तरी त्यातल्या बाईच्या नाकातली नथ काही पहिल्यासारखी आली नाही. त्याचे पैसे कुणी दिले? मीच. तेव्हा लायसन-बियसन मला सांगू नका.

फ्लेक्सवाला इचलकरंजी
काकांचं बरोबर हाय. पण ओपन फाइल घेऊन करणार काय तुम्ही? माझ्याकडं लोक पेनड्राइव्हमधनं कोरलची ओपन फाइल आणतात, कर्व्ह केलेली, म्हणजे अक्षरांचे आकार करून टाकलेली नसती. श्रीलिपी या जुन्या सॉफ्टवेअरातला कुठला तरी फाँट, माझ्या मशीनवर नाही, उघडली की सगळं चिनी जपानी. उद्या सकाळी सत्कार, रात्री अकराला मी परत टाइप करत बसतो, आणि "हार्दिक"चा रफार चुकला की शिव्या मला.

टंकवेडा
थांबा थांबा. अजून श्रीलिपी? युनिकोड, म्हणजे सगळ्या मशीनवर चालणारी एकच अक्षरपद्धत, येऊन जमाना झाला. र. कृ. जोशींनी मायक्रोसॉफ्टसाठी मंगल फाँट केला, 'एक टाइप' या फाँट बनवणाऱ्यांनी मुक्ता आणि बालू फुकट, खुल्या लायसनवर दिले, आणि आपण अजून रफारासाठी वेगळी कळ दाबतोय. मुक्तात काम करा, फाइल कुठेही उघडेल, लायसनचा प्रश्नच मिटला. कुंचला, तुमचा अर्धा युक्तिवाद इथेच संपतो.

फ्लेक्सवाला इचलकरंजी
मुक्ता बारीक पडतो राव. दादांच्या वाढदिवसाला शंभर फुटांवरनं नाव दिसाय पाहिजे.

टंकवेडा
मुक्ताला सात वजनं, म्हणजे जाड्या आहेत. एक्स्ट्रा बोल्ड कधी उघडून बघितलात? नाहीतर बालू घ्या, तो जन्मापासून जाडच आहे. न बघता बोलायचं म्हणजे.

फ्लेक्सवाला इचलकरंजी
आवाज खाली. फोटोशॉपात युनिकोड टाकलं की पहिली वेलांटी अक्षराच्या मागं जाऊन बसती, ते तुम्ही येऊन बसवणार का रात्री अकराला?

टंकवेडा
फोटोशॉप जुनं असेल तर टाइपच्या प्रेफरन्समध्ये वर्ल्ड रेडी लेआउट निवडा, वेलांटी जागेवर येते. एकदाच करायचंय. लोक वर्षानुवर्षं त्या वेलांटीला शिव्या देतात पण सेटिंग उघडत नाहीत. आणि विषय निघालाच आहे तर, पाकिटांवर "लसूण" हिंदी वळणाच्या ल ने छापणाऱ्या सगळ्या एजन्स्यांना माझा साष्टांग नमस्कार. काही फाँटांत भाषा मराठी निवडली की मराठी ल आणि श आपोआप येतात, पण निवडतो कोण!

कर्जबाजारी कुंचला
धागा ओपन फाइलचा होता. आणि फुकट फाँट वापरला म्हणून माझं काम फुकट होत नाही.

जुनी ज्युनियर
मी गप्प बसणार होते, पण कुंचला दादांचं "माझं काम" वाचून राहवलं नाही. एका छोट्या एजन्सीत होते. दिवाळीच्या पोस्टी आम्ही पोरी रात्री उशिरापर्यंत बसून करायचो, वसुबारस ते भाऊबीज, प्रत्येक क्लायंटची वेगळी पणती. सर सकाळी येऊन पणती दोन मिलिमीटर डावीकडे सरकवायचे, क्लायंटपुढे "मी केलंय". सोडताना माझंच काम माझ्या पोर्टफोलिओत टाकायला परवानगी नाही, आणि शेवटचा पगार अजून यायचाय. क्लायंटने ओपन फाइल मागितली की यांना कलाकाराचे हक्क आठवतात. ती फाइल बनवली कुणी?

कर्जबाजारी कुंचला
ताई, तुमच्या सरांचा राग माझ्यावर काढू नका. माझ्याकडे पगार एक तारखेला होतो, मग माझी बँकेची ओडी (ओव्हरड्राफ्ट) किती लाल आहे ते माझं मला माहीत. नोकरीत पणती चुकली तर तुम्हाला बोलणी बसतात, मला छपाईच्या सिलिंडरचे पैसे भरून द्यावे लागतात. पोर्टफोलिओचं मात्र चूकच आहे त्यांचं, एवढं मानतो.

जुनी ज्युनियर
उपकार झाले.

सीए मावशी
भांडण झालं असेल तर कायदा सांगते, फी नाही. कॉपीराइट कायदा १९५७, कलम १७: नोकरीत केलेलं काम, वेगळा करार नसेल तर, मालकाचं. म्हणजे ज्युनियर, वाईट वाटलं तरी फाइल सरांची. पगार मात्र तुझा, तो सोडू नकोस. बाहेरच्या एजन्सीकडून करून घेतलेल्या डिझाइनचा हक्क, लेखी काही नसेल तर, साधारणपणे एजन्सीकडेच राहतो. फोटो, पोर्ट्रेटचा नियम वेगळा. हक्क द्यायचा तर कलम १९, लेखी आणि सहीनिशी. मुदत लिहिली नाही तर पाचच वर्षं धरतात, प्रदेश लिहिला नाही तर भारतापुरतंच. काका, चिवडा अमेरिकेला पाठवता ना? मग वाचा नीट.
कुंचला, तुम्हीही उड्या मारू नका. हक्क वेगळा, फाइल वेगळी, आणि ओपन फाइलबद्दल कोटेशनमध्ये एक अक्षर नसेल तर गिऱ्हाईक ती धरून चालणारच. थकलेल्या बिलांचं रडण्यापेक्षा बिलावर उद्यम नंबर, म्हणजे छोट्या उद्योगांच्या सरकारी नोंदणीचा नंबर, छापा. २०२४ पासून सूक्ष्म आणि लघु उद्योगांचं बिल मुदतीत दिलं नाही, म्हणजे करार नसेल तर १५ दिवस, असला तरी जास्तीत जास्त ४५, तर देणाऱ्याला तो खर्च प्रत्यक्ष पैसे देईल त्याच वर्षी धरता येतो.

कर्जबाजारी कुंचला
छापला की उद्यम नंबर. मोठ्या क्लायंटच्या अकाउंटवाल्याने बघितला आणि पुढचं काम उद्यम नसलेल्या पोराला गेलं. कायदा चांगला आहे मावशी, फक्त तो वापरला की गिऱ्हाईक जातं.
कोटेशनचं ठीक आहे, लिहितो पुढच्यापासून. काकांच्या डिझायनरने लिहिलं नसेल तर बारा हजार जास्तच मागतोय, आठ ठीक. माझा धंदा बसला उद्या तर फाइल कुठे मिळेल हेही लिहायला हवं, हे काकांच्या दुबईवाल्यामुळे पटलं. पण फुकट नाही म्हणजे नाही.

चिवडेवाले काका
अरे वा, बारा सेकंदात चार हजार उतरले. हा धागा माझ्या डिझायनरला पाठवलाय. तो म्हणतो दहा, आणि ५०० ग्रॅमचं पाकीट तोच लावून देणार, ठिपका गोल. भाच्याला सांगितलं तू राहू दे. त्याने तोंड वाकडं केलंय, त्याची आई आता मला फोन करणार.

टंकवेडा
काका, पाकिटावर लसूण शेव आहे का? ल बघून घ्या.

फ्लेक्सवाला इचलकरंजी
झालं परत सुरू. काका, टेम्पोचं स्टिकर कुणाकडनं करताय? जेपीजी चालत नाही माझ्याकडं, आधीच सांगतो.