तर्काच्या प्रश्नांत दोन पर्यायांवर गाडी अडते? लॉ प्रवेश परीक्षेचे अनुभव लिहा

मुलगी बारावीला आहे, डिसेंबरात क्लॅट (राष्ट्रीय विधी विद्यापीठांची प्रवेश परीक्षा) देणार. कायद्याचे उतारे मजेत सोडवते, चालू घडामोडी तोंडपाठ, पण लॉजिकल रीझनिंग आलं की दोन पर्यायांत अडकून बसते. १२० पैकी २२ ते २६ प्रश्न त्याचे, वर चुकलं की पाव गुण कापणार. मी कॉमर्सवाला, माझा इथे उपयोग शून्य. क्लॅट, सीईटी, अगदी अमेरिकेतली एलसॅट दिलेल्यांनीही लिहा. 'सराव कर, जमेल' एवढंच नको, ते तिची आजीही सांगते. एखादा प्रश्न घेऊन नेमकं काय करता ते सांगा.

नागपूर, लॉचं दुसरं वर्ष

काका, दोन पर्यायांत अडकणं हाच तर पेपर आहे. बाकीचे दोन कुणीही उडवतं.

मी ज्युनिअर्सना नेहमी हा प्रश्न देतो. एका गावात नवीन पोलीस चौकी उघडली. पुढच्या वर्षी चोरीच्या नोंदी दुपटीने वाढल्या. सरपंच म्हणतात, चौकी आल्यामुळे चोऱ्या वाढल्या. सरपंचांचं म्हणणं सर्वात जास्त कशाने कमकुवत होईल?

अ) चौकीत मंजूर पदांपेक्षा कमी पोलीस आहेत. ब) चौकी होण्याआधी तक्रार द्यायला तालुक्याला जावं लागे, म्हणून बरेचजण तक्रार करतच नसत. क) शेजारच्या गावातही चौकी मंजूर झाली आहे. ड) त्या वर्षी चौकीने काही चोर पकडले.

अ आणि क लगेच जातात. मुलं ब आणि ड मध्ये घुटमळतात, कारण ड मध्ये पोलिसांचं कौतुक आहे आणि आपल्याला सरपंचांना खोटं पाडायचंय. पण चोर पकडले म्हणून चोऱ्या वाढल्या नाहीत असं कुठे ठरतं? पुरावा कशाचा दिलाय ते बघा: नोंदींचा. निष्कर्ष कशाचा काढलाय? चोऱ्यांचा. मधे फट आहे, आणि ब बरोबर त्या फटीत बसतो. चोऱ्या तेवढ्याच असतील, फक्त आता कागदावर येऊ लागल्या.

म्हणून मी पर्याय वाचण्याआधी समासात दोन शब्द लिहायचो. इथे 'नोंदी → चोऱ्या'. क्लॅट कागदावर असते त्याचा हा फायदा, बिनधास्त खरडा. मात्र उतारा साडेचारशे शब्दांपर्यंतचा असू शकतो आणि एकूण वेळ दोनच तास, त्यामुळे दोनापेक्षा जास्त शब्द लिहू नका.

ठाणे, नोकरी सांभाळून तीन वर्षांचा एलएलबी

आमच्या महाराष्ट्र सीईटीत हे असलं फार नसतं. तिथे नातेसंबंध, दिशा, सांकेतिक भाषा, बैठक व्यवस्था. एमपीएससीची तयारी केलेल्याला सगळे ओळखीचे चेहरे. नात्यांचा प्रश्न तोंडी सोडवायचा नाही, पुरुषाला चौकोन, बाईला गोल, काढा झाड. निगेटिव्ह मार्किंग नाही, तेव्हा एकही प्रश्न कोरा सोडू नका. संपलं.

निफाड तालुका, यंदा पहिलं वर्ष

माझा त्रास वेगळाच होता. आमची कांद्याची शेती. सराव पेपरात उतारा आला, की भाव पडले की शेतकरी पुढच्या हंगामात कांदा कमी लावतात. मी वाचतानाच भांडायला लागले. आमच्याकडे भाव पडले तरी लावतात, दुसरं लावणार काय? पण प्रश्न आमच्या शेताबद्दल नसतो. मग मी प्रत्येक पर्यायाच्या आधी मनात 'उताऱ्यानुसार' म्हणायची सवय लावली. उताऱ्यानुसार हे खरंच ठरतं का? ठरत नसेल तर गावभर खरं असलं तरी बाद.

शहरातल्या मुलांना अशा उताऱ्यावर काही वाटतच नाही, ती पटकन सोडवतात. त्यांची अडचण बहुतेक इन्स्टाग्रामवरच्या उताऱ्याला येत असेल 😄

न्यू जर्सी

एलसॅटमध्ये आता हाच विभाग राजा आहे. पूर्वी लॉजिक गेम्स असायचे (अमक्याच्या शेजारी तमका बसत नाही वगैरे), ते ऑगस्ट २०२४ पासून काढून टाकले. आता गुण मोजले जाणारे दोन विभाग लॉजिकल रीझनिंगचे आणि एक वाचनाचा, प्रत्येकी ३५ मिनिटं. युक्तिवाद तीन-चार ओळींचा, पर्याय पाच.

'हे कोणत्या गृहीतकावर उभं आहे' असं विचारलं की मी पर्याय उलटा करून बघते. समजा, 'ग्रंथालय रात्री दोन तास जास्त उघडं ठेवणार, त्यामुळे येणाऱ्यांची संख्या वाढेल.' एक पर्याय: वाढीव वेळेत सगळे सभासद येतील. उलटा करा, सगळे येणार नाहीत. काही बिघडलं? नाही, थोडे आले तरी संख्या वाढतेच. दुसरा: जे एरवी येत नाहीत असे काहीजण तरी त्या वेळेत येतील. उलटा करा, असं नवीन कुणीच येणार नाही. आता मूळ वाक्य कोसळलं. हेच गृहीतक. 'सगळे', 'नेहमी', 'केवळ' दिसलं की गृहीतकाच्या प्रश्नात जरा थांबायचं.

धागा काढणारा

हे उलटं करणं आत्ताच मुलीला दाखवलं. ती म्हणते, प्रत्येक पर्याय उलटा करत बसले तर वेळ कुठून आणू?

न्यू जर्सी

प्रत्येक नाही हो. शेवटी उरलेले दोनच.

रत्नागिरी, वकिली

जरा वेगळा सूर लावतो. रोज अग्रलेख वाचा हा सल्ला सगळे देतात. नुसता वाचून काही होत नाही. पेन्सिल घ्या, निष्कर्ष कुठल्या वाक्यात आहे त्याखाली रेघ मारा. तो शेवटीच असतो असं नाही. बऱ्याचदा दुसऱ्याच वाक्यात असतो आणि पुढची कारणं त्याच्या पाठीमागून येतात. 'कारण' हा शब्द दिसला की त्याच्या अलीकडे बघायचं.

दुसरं, उत्तरतालिका म्हणजे वेद नव्हे. डिसेंबर २०२४ च्या क्लॅटमधल्या काही उत्तरांचा वाद दिल्ली उच्च न्यायालयात गेला, मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोचला. तेव्हा सरावात एखादं उत्तर पटलं नाही तर मुलीने स्वतःची कारणं वहीत लिहून ठेवावीत. बऱ्याच वेळा चार दिवसांनी तालिकाच बरोबर वाटते, क्वचित नाही वाटत. परीक्षेच्या हॉलमध्ये मात्र हा वाद नको, त्यातल्या त्यात बरं उत्तर काळं करा आणि पुढे चला.

निफाड तालुका

+१. आणि काका, लॉजिकल शेवटी ठेवायला लावू नका तिला. मी चालू घडामोडी आधी उरकायचे. ते येतं किंवा येत नाही, विचार करून काही आठवत नाही.