सावंतवाडीत दोन रात्री: गंजिफा, लाकडी खेळणी, पिंगुळी कसं बसवावं?

शुभ्रकमळ: डिसेंबरात ठाण्याहून आई-बाबांना (दोघेही सत्तरीचे) घेऊन जायचंय. समुद्रकिनारे नकोत. गंजिफा (हाताने रंगवलेले गोल पत्ते) रंगवताना बघायच्या आहेत, छोटं देवघर घ्यायचंय, जमल्यास पिंगुळी (चित्रकथी आणि बाहुल्यांच्या खेळांचं गाव). राहायचं कुठे, आणि माल अस्सल आहे हे ओळखायचं कसं?

रातराणी_एक्सप्रेस: तुतारी एक्सप्रेस दादरहून रात्री बारा वाजून गेल्यावर सुटते. म्हणजे शुक्रवारी रात्री निघायचं असेल तर तिकीट शनिवारच्या तारखेचं हवं. दर सुट्टीत कोणीतरी इथेच फसतं. कोकणकन्या बारा वाजायच्या आत निघते, तिला हा घोळ नाही. स्टेशन गावात नाही, सात-आठ किलोमीटर लांब आहे. रिक्षा मीटरवर चालत नाही, भाडं आधी ठरवा. ट्रॅव्हल्सने जाणार असाल तर गाडी गावात शिरते की झाराप-पत्रादेवी हायवेवरच उतरवते ते बुकिंगच्या वेळी विचारा.

माजगांवकर: मोती तलावाच्या आसपास राहावा. राजवाडा, बाजार, चितार आळी (लाकडी खेळण्यांची गल्ली) सगळा चालत. बाहेरचे होमस्टे सुंदर असतत, पण गाडी नसली की म्हाताऱ्या माणसांचे हाल. राजवाड्यातही राहायची सोय आसा, ती महाग. आणि त्रिपुरारी पौर्णिमेच्या सुमारास सोनुर्लीची जत्रा असता, तेव्हा खोल्या मिळणा नाय. डिसेंबरात त्याची चिंता नाय.

चिंचोका: गंजिफेचं काम राजवाड्यातच चालतं. सावंतवाडीच्या राजघराण्यातले शिवरामराजे आणि सत्वशीलादेवी भोसले यांनी ही कला तिथे पुन्हा उभी केली. सकाळी जा, दुपारी मधल्या वेळेत गेलात तर नुसतं कपाट बघून याल. निघण्याआधी फोन करून "आज कोणी रंगवायला बसलंय का" हे विचारा, "उघडं आहे का" एवढ्यावर थांबू नका.

घ्यायचा असेल तर दशावतारी संच मोजून घ्या: दहा अवतार, प्रत्येकाचे राजा, प्रधान आणि एक ते दहा, एकूण १२० पाने. मोगली संच ९६ पानांचा. छापील आणि हाती रंगवलेला यांत किमतीचा फरक प्रचंड असतो. भिंग धरा: छपाईत बारीक ठिपके दिसतात, हाताच्या रेषेची जाडी कमी-जास्त होते. एकाच अवताराची दोन पानं शेजारी ठेवली की चिन्हांतही किंचित फरक दिसतो. पूर्ण संच झेपत नसेल तर सुटी पानंही चांगली, फ्रेम करता येतात. जुन्या पद्धतीच्या पानांत चिंचोक्याची खळ असते आणि कसर खळीवर येते, म्हणून वर्षातून दोनदा डबी उघडून पानं सावलीत पसरा. उन्हात नको, वाकतात.

रंधा: देवघराचं बोलतो. खरा प्रश्न लाकूड वाळलेलं आहे का हा आहे. कोकणातल्या दमट हवेत सांधा घट्ट बसलेला दिसतो. तोच तुकडा कोरड्या हवेत किंवा एसीच्या खोलीत गेला की आडव्या अंगाने आकसतो आणि सांध्याला फट पडते. ठाण्यात हा त्रास कमी, पुण्या-नागपूरकडे जास्त. तळाची, न रंगवलेली बाजू बघा. आकाराच्या मानाने वस्तू जड आणि हाताला गार लागली तर ओलावा असू शकतो. दारं चार वेळा उघडून बघा. रंगीत फळं मात्र हलकीच असतात, कारण ती पांगाऱ्यासारख्या हलक्या लाकडाची. तिथे वजनावरून शंका घेऊ नका.

लाख आणि ऑइलपेंट यांत गोंधळ होतो. कातकामात लाखेची कांडी फिरत्या लाकडावर दाबतात, घर्षणाच्या उष्णतेने ती वितळून बसते, म्हणून लाख गोल वस्तूंवरच सापडेल. चौरंग-पाटावरची वेलबुट्टी ब्रशची असते, तिला कमी समजू नका, चितारी हात तिथेच दिसतो. नेताना वर्तमानपत्रात गुंडाळून उन्हातल्या गाडीत ठेवू नका. लाख मऊ पडते, शाई उमटते. जुना सुती कपडा उत्तम.

माजगांवकर: काही दुकानांत कर्नाटकातल्या चन्नपट्टणचा मालही सापडात. वाईट नाय, पण हयचो नाय. "खंय केलात?" असा सरळ विचारा. आणि चतुर्थीच्या आधी येव नकात, चितारी गणपतीच्या शाळेत (मूर्ती करतत थंय) अडकलेले असतत.

शुभ्रकमळ: पिंगुळीला अर्धा दिवस पुरेल?

चिंचोका: पुरेल. कुडाळच्या अलीकडे, सावंतवाडीहून साधारण वीस किलोमीटर. परशुराम गंगावणे यांचं (२०२१ ची पद्मश्री) ठाकर आदिवासी कला आंगण बघा. चित्रकथी, कळसूत्री बाहुल्या, चामड्याच्या सावली-बाहुल्या. नुसती मांडणी बघायची असेल तर थेट जाता येतं, खेळ बघायचा असेल तर आधी कळवावं लागतं, एवढी माणसं जमवायची असतात. चित्रकथीची चित्रं क्रमाने लावून गोष्ट सांगतात, त्यामुळे एखादं चित्र घेताना तो कुठला प्रसंग हे मागच्या बाजूला लिहून मागा.

रातराणी_एक्सप्रेस: मग क्रम असा: पहिला दिवस आराम आणि तलाव, दुसऱ्या दिवशी सकाळी राजवाडा, संध्याकाळी चितार आळी. तिसऱ्या दिवशी सामान घेऊनच पिंगुळी, आणि परतीची गाडी कुडाळहून पकडा. सावंतवाडीला उलटं यायची गरज नाही. देवघर मोठं निघालं तर दुकानदाराकडून पार्सल करून घ्या, डब्यात खालच्या बर्थखाली ते मावत नाही.